नलूआत्याची अर्धी मॅच

"आत्या, तू आयुष्यात एक तरी वस्तू बिघडवलीयेस का गं?"

माझ्या मैत्रिणींनी, श्रेया आणि प्रितीनं, पैज लावली होती, म्हणून मी विचारलं. दोघी उशीत तोंड खुपसून हसत होत्या. नलूआत्यानं मात्र खरंच विचार केला. "नाही," म्हणाली. सांगताना खूश नव्हती.

मग तिनं कपाटातून कॉम्प्युटर काढला आणि टॉवेलवर ठेवला. नुसता कीबोर्डच दिसतो, टीव्हीला जोडायचा. बँकेत लागल्यावर घेतलेला. त्यावर तिनं क्रिकेटचा गेम लिहिला होता. खाली गल्लीत मुलगे मुलींना खेळायला घ्यायचे नाहीत, म्हणून गेममध्ये बॅटिंग नलूची. पण ऐन रंगात मॅच थांबायची आणि स्क्रीनवर यायचं: मेमरी संपली.

"मेमरी वाढवायच्या चिप्स तेव्हाच आणल्यात, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून. आत रिकामी सॉकेट्स आहेत. नुसत्या दाबून बसवायच्या."

"मग बसवल्या का नाहीस?"

"उलटी बसली तर? चिपचा पाय मोडला तर? सगळाच जळला तर?" तिनं उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. डॉक्टरांनी त्या थरथरीचं नाव सांगितलंय, आमच्याकडे ते कुणी उच्चारत नाही. "आणि आता तर हा असा."

"हात्तिच्या! मी बसवते की!" हल्ली मी सगळ्यालाच असं म्हणते.

बिस्किटाच्या डब्यात गणपतीच्या मखराचा थर्माकोलचा तुकडा होता आणि त्यात चिप्स ओळीनं खोचलेल्या. एकीचाही पाय वाकलेला नव्हता.

पहिली दाबली तेव्हा 'कट्ट' असा आवाज आला. मोडली? नाही, बसली. श्रेया-प्रितीचं हसू केव्हाच थांबलं होतं. आत्या टॉवेलचं टोक मुठीत धरून दर वेळी विचारायची, "खाच कुठल्या बाजूला आहे?" दर वेळी आणखी हळू.

बटण दाबलं. स्क्रीन काळाच.

"गेला," आत्या पुटपुटली.

मग उजेड आला. गेम साठवलेली कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये किंचाळली. मॅच सुरू! नलूनं चौकार मारला, आम्ही ओरडलो. आणि नेहमीच्याच बॉलला सगळं थांबलं. मेमरी संपली.

मी बाही झटकली. थर्माकोलचे दाणे चिकटले होते, पडेचनात. झटकले की पुन्हा येऊन चिकटायचे. घासून तयार होणारी वीज, आठवीत शिकलेली! सांगू? नको? आत्या माझ्याकडेच बघत होती.

"आत्या, चिप्स थर्माकोलमध्ये ठेवायच्या नसतात गं. त्यात वीज साठते. तेवढ्यानंही त्या मरतात."

"कधी मेल्या असतील?"

"कदाचित... खोचल्या त्याच दिवशी."

"म्हणजे मी जपल्या, त्यानंच?"

ती माझ्या बाहीवरचे दाणे एकेक करून काढू लागली. ते आता तिच्या थरथरत्या बोटांना चिकटत होते.

घरी आल्याआल्या मी आईबाबांसमोर उभी राहिले. "दहावीनंतर मला मोबाईल नको. आत्यासाठी तसल्या चिप्स मागवा. कुणीतरी विकत असेलच."

"अगं नूपुर, परीक्षा होऊ दे," बाबा म्हणाले. "मग सुट्टीत निवांत, नीट..."

"निवांत नाही बाबा. पार्सल येईल त्याच दिवशी बसवणार. कितीही भीती वाटली तरी."