माझ्या पायाशी ओतलेलं ताक

मी एक जुना मल्लखांब आहे. म्हणजे आता अर्धाच उरलो आहे, पण ते पुढे येईलच. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझा स्वभाव काळजीचा. पोरगं धावत येऊन माझ्या अंगाला पायांची मिठी मारतं, तेव्हा बघणारे टाळ्या वाजवतात आणि मी ते उतरेपर्यंत देवाचा धावा करतो. जोगेश्वरीच्या एका शाळेमागे मी तीन वर्षांहून जास्त उभा होतो. त्यातला एखादा दिवस निवांत गेला असेल तर शपथ.

जातीने मी सागवान. साकीनाक्याच्या एका कारखान्यात कातार्‍याने मला चरकावर फिरवून कातलं, खाली जाड अंग, वर निमुळती मान आणि टोकाला बोंड. एकोणीसशे बावन्नच्या दसर्‍याला मला शाळेच्या मैदानात पुरलं, साडेआठ फूट वर आणि तीन फूट जमिनीत. आपलं म्हणायचं मैदान. एका बाजूला शाळेची भिंत, दुसर्‍या बाजूला म्हशींचा तबेला आणि मध्ये जेमतेम हुतूतूचा डाव मावेल एवढी जागा. पण पोरांना तीही पंढरी होती. बहुतेक पोरं आजूबाजूच्या चाळींतली. खोलीत आठ माणसं, हात लांब केला तर कुणाच्या तरी ताटात जायचा. अंग मोकळं करायला त्यांना दुसरी जागा नव्हती. रोज प्रत्येक वर्गाला अर्धा तास मिळायचा. त्यात सूर्यनमस्कार, लेझीम, हुतूतू. मुलींना लंगडी. आणि मोठ्या मुलांना मी.

हे सगळं चालवायचे ड्रिलचे मास्तर दत्ताराम गवस. सावंतवाडीकडचे, तालमीच्या मातीत वाढलेले, मनाने लोण्यासारखे आणि आवाजाने ढोलासारखे. दर शनिवारी ते स्वतः मला एरंडेल चोळायचे. दसर्‍याला हार घालायचे, नारळ फोडायचे. कुणी उगाच मला पाय टेकवून उभा राहिला तर त्याला दहा बैठका. असे लाड आजवर कुठल्या खांबाचे झाले नसतील.

आणखी एक लाड ते करायचे. तालमीत कुस्तीच्या हौदातली लाल माती ताक, हळद, तेल घालून मळतात, म्हणजे ती मऊ राहते आणि पडणार्‍याला लागत नाही. मास्तरांनी तीच रीत इथं आणली. दर शनिवारी तबेल्यातून हंडाभर ताक यायचं आणि माझ्या बुंध्याभोवतीच्या मातीत जिरायचं. पोरांचे गुडघे वाचले, हे खरं. पण हौदाच्या मातीत पैलवान घटकाभर पडून उठतो. मी त्या मातीत दिवसरात्र उभा होतो. पायाला डांबर फासलं होतं, तरी ओल मोठी चिवट. पहिल्या वर्षी पाय गार लागले. दुसर्‍या वर्षी ठणकू लागले. तिसर्‍या वर्षी वाळवी आली.

काय सांगू मित्रांनो तुम्हाला. वरून मी तेलाने चकचकीत, येणारा-जाणारा म्हणायचा, खांब कसा झकास ठेवलाय. आणि जमिनीच्या आत मी भुगा होत होतो. ओरडून सांगावं तर तोंड नाही. जरा वाकून दाखवावं तर वाकायचं कसं हे लाकडाला कळत नाही, त्याला फक्त मोडता येतं.

छप्पन साल उजाडलं आणि मोठ्या बाई, वनमालाबाई, एक दिवस मैदानात आल्या. शाळेत मुलं वाढली होती, वर्ग कमी पडत होते. त्या मास्तरांना म्हणाल्या, "गवस, संमेलनाला शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत. या जागेवर चार वर्ग बांधायचे की मैदान ठेवायचं, ते बघून ठरवतील. तुमचं काय ते त्या दिवशी दाखवा."

"दाखवतंय," मास्तर म्हणाले. "असा दाखवतंय की सायब बांधकामाचा नाव काढूचो नाय."

त्यांनी ठरवलं, मनोरा करायचा. नऊ मुलं माझ्या अंगावर थरावर थर लटकणार आणि सगळ्यांत वर, बोंडावर, त्यांच्यातलाच सातवीतला मार्तंड एका पायावर उभा राहणार. माझी तर वाचाच बसली असती, असती तर. एका पोराचं वजन पेलताना मी मनात रामरक्षा म्हणत होतो. नऊ पोरं? दुसर्‍या दिवसापासून तालीम सुरू झाली. मार्तंड वर चढायचा, हात पसरायचा, आणि खाली माझ्या पायातला एकेक तंतू तुटायचा. ते फक्त मला ऐकू यायचं.

फक्त मला, असं मी समजत होतो.

मधल्या सुट्टीत मुली लपंडाव खेळायच्या. ज्या मुलीवर राज्य, ती माझ्यावर डोकं टेकून डोळे मिटून शंभरपर्यंत मोजायची. एके दिवशी पाचवीतल्या रत्नप्रभावर राज्य आलं. तिने कान टेकला, मोजायला लागली आणि चाळीसवर थांबली. मग खाली बसली आणि बुंध्याला कान लावला. मैत्रिणी लपून कंटाळल्या, तरी ही आपली बसलेलीच. मला रडू येईल असं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकत होतं.

ती तडक मास्तरांकडे गेली. "मास्तर, खांबात आवाज येतोय."

"कसलो आवाज?"

"कुणीतरी आत पापड खातंय, तसा."

मास्तर हसले. मग त्यांचा चेहरा बदलला, तो मी पाहिला. "खुळी काय तू? दर शनिवारी तेल घालतंय मी त्येका. त्येका काय धाड भरली नाय." आणि आवाज उतरवून म्हणाले, "ह्या कोणाक सांगू नको गो. बाईंच्या कानार गेला तर खांब काढतीत, आणि खांब गेलो की मैदान गेला. मगे तुमी खेळतल्यात खंय?"

बिचार्‍यांचा राग तरी कसा करू? त्यांना कान लावून बघायची भीती वाटत होती. आवाज खरंच आला तर, ही भीती.

रत्नप्रभा गप्प बसली, पण तिला चैन पडेना. दोन दिवसांनी तिने मार्तंडला गाठलं. "तू वर चढू नकोस रे. खांब आतून पोकळ झालाय."

"तुम्हा मुलींना चढायला मिळत नाही ना, म्हणून जळतेस," मार्तंड म्हणाला. "जा, लंगडी खेळ."

ती गेली. रोज सुट्टीत येऊन मात्र माझ्या बुंध्याला कान लावायची आणि उठताना तिचा चेहरा आदल्या दिवसापेक्षा जास्त उतरलेला असायचा. आम्ही दोघेच सुतकात असल्यासारखे होतो.

संमेलनाचा दिवस आला. खुर्च्या मांडल्या, साहेब बसले, पालक भिंतीपर्यंत दाटले. मुलींचं लेझीम झालं. मास्तरांनी शिट्टी वाजवली आणि नऊ मुलं लंगोट कसून रांगेत आली. मी मनात म्हटलं, संपलं आता.

तेवढ्यात लेझीमच्या रांगेतून रत्नप्रभा बाहेर आली, सरळ माझ्यापाशी चालत आली आणि तिने मला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली.

"काय तमाशा आहे हा?" वनमालाबाई उठून उभ्या राहिल्या. "गवस, तिला बाजूला करा."

मास्तर धावत आले. "सोड गो. सायब बघतत."

"आधी कान लावा," ती म्हणाली. तिने मिठी सोडली नाही. "एकदा लावा, मग मी जाते."

सगळं मैदान बघत होतं. मास्तर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी माझ्या बुंध्याला कान लावला. मग त्यांनी हाताने माती उकरायला घेतली. ताकाने मऊ झालेली माती लगेच निघाली. वीतभर खाली त्यांची बोटं माझ्या अंगात शिरली आणि ओंजळीत भुगा आला, भाजलेल्या रव्यासारखा. त्या भुग्याला ताकाचा आंबूस वास होता. मास्तरांनी तो नाकाशी नेला आणि त्यांना सगळं समजलं.

ते उठले, पोरांना लांब उभं केलं आणि मला खांद्याने एक धक्का दिला. एकच. मी कडकन मोडून आडवा झालो. माझ्या अंगावर कुणी नव्हतं. मित्रांनो, मोडून पडल्यावर इतकं हलकं वाटतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मास्तर साहेबांसमोर हात जोडून म्हणाले, "चूक माझी, सायब. मीच ताक घालून घालून त्याचा पाय कुजवला. हिनं मला आधी सांगितलं होतं. मी तिला गप केलं." मार्तंड खाली बघत होता. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

मैदान पुरतं वाचलं नाही. चार वर्गांऐवजी दोन बांधले, अर्धी जागा राहिली. माझा वरचा धड भाग सुताराने कापला, कडी ठोकली, आणि आता मी त्या अर्ध्या मैदानात साखळीने टांगलेला असतो. पोरं लोंबकळत माझ्यावर कसरती करतात. मुलीही करतात, ते मास्तरांनी स्वतःहून सुरू केलं. मला आता साखळीची काळजी लागून राहिली आहे. स्वभावाला औषध नाही.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. ज्याला हार घालता, तेल चोळता, त्याच्या पायाखालची माती वर्षातून एकदा उकरून बघा. आणि लहान माणूस काही सांगायला आलं, तर निदान कान लावा. मला तोंड नव्हतं. तिला होतं, आणि तिला गप बसवल्यावर संमेलनापर्यंत नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत मार्तंड माझ्या डोक्यावर सव्वीस वेळा उभा राहिला. सव्वीस. मी प्रत्येक वेळ मोजली आहे.