नवसाची भाकरी

"अवो, आज तरी एक घास बघता का?" बायनाबाईनं ताट नवऱ्यापुढं सरकवलं. ज्वारीची भाकरी, वर पिठलं.

शहादेवच्या पोटात नळी बसवली होती. गावच्या दूध संस्थेत त्यानं जन्मभर माप धरलं. आता संस्थेचंच दूध गाळून त्या नळीत ओतायचं, हेच त्याचं जेवण. दुष्काळामुळं गावची जनावरं चारा छावणीत, त्यांना दूध कुठून असणार! तरी चेअरमन गहिनीनाथ त्याच्यापुरता तांब्या बाजूला काढत. नळी धुवायला पाणी मात्र टँकरचं, तेही उकळून. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो हाच.

अन्ननलिकेच्या कॅन्सरचा हा प्रकार क्वचितच कुणाला होतो आणि झाला की फार झपाट्यानं पसरतो, असं डॉक्टर म्हणाले होते. सलाइनमधून औषधं दिली तेव्हा गाठ आकसली, घोटभर चहा उतरला. त्या आनंदात बायनाबाई खंडोबाला नवस बोलली: नवरा भाकरी खाईपर्यंत आपणही भाकरीला शिवायचं नाही. तेव्हापासून ती शेंगदाणे आणि चहावर दिवस काढत होती. देवाला काय, तो सगळ्यांचं ऐकून घेतो. गाठ पुन्हा वाढली, यकृतात गेली.

काल डॉक्टरांनी शहादेवला एकट्याला आत बोलावलं. "आता औषधांचा नुसता त्रासच होईल. घरी राहा." हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगणार? ती डोळ्यांदेखत वाळत चालली होती. आपण जाणार ते जाणार, हिला कशाला सोबत न्यायची!

त्यानं तुकडा मोडला, पिठल्यात बुडवून तोंडात घातला. चव कळली आणि त्याचे डोळे भरून आले. मान फिरवून त्यानं गिळल्यासारखं केलं आणि घास गालात दाबून धरला.

"उतरला?"

त्यानं मान डोलावली. भाकरीकडे बोट दाखवलं. आता तू खा.

बायनाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग ताट ओढून ती जेवली, ठसका लागेपर्यंत. तिला खाताना बघून शहादेवला फार बरं वाटलं. ताट रिकामं झाल्यावर ती सरकून जवळ आली आणि तिनं ओंजळ त्याच्या तोंडाखाली धरली.

"खाल्ली म्या. झालं न्हवं तुमच्या मनासारखं? टाका आता."

शहादेवनं घास तिच्या हातावर टाकला. त्याला तिच्याकडे बघवेना.

"डागदर काय म्हनले, ते मला कालच कळलं तुमच्या तोंडावरून," ती म्हणाली. तिनं घासावर मूठ मिटली आणि दुसरा हात त्याच्या पाठीवरून फिरवत राहिली.