गप्प भोंगा

"आई, सकाळपासून भोंगा एकदा तरी वाजला का?" पंचायतीच्या कॉम्प्युटरसमोरून रोहिणीने, माझ्या सुनेने, विचारलं.

"न्हाई. म्हणून तर सोमनाथला म्हटलं, जा, उसातली पाण्याची मोटार चालू कर."

तिचा चेहरा उतरला. "अहो, भोंगाच बंद हाय. बिबट्या आला तरी वाजायचा न्हाई."

तिच्यासाठी आणलेला डबा माझ्या हातातच राहिला.

आमच्या उसाच्या बांधांवर कॅमेरे आहेत. बिबट्या दिसला की चित्र वायफायवरून या कॉम्प्युटरला येतं आणि भोंगा वाजतो. दोन वर्षांत गावाला सवय लागली होती. भोंगा गप्प, म्हणजे शिवार मोकळं. माझे सासरे मेंढरं राखायचे. शिवार गप्प झालं की तेव्हाच ते जास्त भ्यायचे, काठी आपटत चालायचे. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं, तरी मुलाला मीच पाठवलं.

रोहिणीने सोमनाथला फोन लावला. उचलला शेजारच्या शेतातल्या गेणभाऊंनी. "फोन हितं मोटारीपाशी पडलाय, पोरी. माणूस न्हाई. एवढ्या उसात कुठं शोधू?"

"थांबा, भाऊ. कॅमेरा चालू करते."

"काय झालंय त्याला?" मी विचारलं.

"काल अपडेट झालं. कॉम्प्युटरनं वायफायच्या कार्डाला नवंच नाव दिलं. भोंग्याची सर्व्हिस, म्हंजे भोंगा वाजवणारा आतला प्रोग्राम, जुन्या नावाची वाट बघत बसलीय. ते येईना, म्हणून ही सुरूच होईना."

ते मला लगेच कळलं. लग्नात तांदळात माझं नवं नाव लिहिलं, त्यानंतर आठवडाभर सासूबाई 'रतन, रतन' हाका मारत आणि मी चुलीपुढे ढिम्म.

"मग नव्या नावानं हाक मार की!"

"आन् उद्या परत बदललं तर? कार्डाचा स्वतःचा नंबर असतो, तो बदलत न्हाई. जुनं नाव त्या नंबरालाच बांधते."

दोनदा तिचं बोट चुकलं. दोनदा तिने पुसलं. पडद्यावर गोल फिरू लागलं. मी तिच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मनातसुद्धा सोमनाथचं नाव घ्यायचा धीर होईना.

डोक्यावर भोंगा एकदम कडाडला. पडद्यावर कांद्याची चाळ दिसली. चाळीपुढे पाय पसरून बसलेला बिबट्या. आणि वर, छपराच्या पत्र्याच्या कडेला, माणसाचं एक पाऊल.

"भाऊ, कांद्याची चाळ!" रोहिणी फोनवर ओरडली. "वर हायेत हे! सगळे मिळून जा, हॉर्न दाबत जा!"

दिवेलागणीला सोमनाथ घरी आला. तळहात पत्र्याने कापलेले, घसा पार बसलेला.

"दोन तास वरडत व्हतो," तो कुजबुजला. "रस्त्यानं माणसं गेली. त्यांना वाटलं असंल, कुणाला तरी हाका मारतोय. भोंगा गप व्हता ना."

'तू पाठवलंस' असं तो म्हणाला नाही. रोहिणीही म्हणाली नाही. मी भाकरी वाढायला वाकले, तर ती ताटाबाहेर पडली. सोमनाथने ती उचलली, झटकली आणि खाऊ लागला.