चिंचेवर कोण चढलं

त्या रविवारी जेवायला नवा माणूस येणार होता, म्हणजे रानरेड्याची गोष्ट होणार हे चितालूने सकाळीच ओळखलं. बाबांनी दाढी केली होती. व्हरांड्यातल्या शिंगांवरून त्यांनी स्वतः फडकंही फिरवलं होतं. एरवी फडकं या वस्तूशी त्यांचा काही संबंध नसे.

म्पिका गावात ही गोष्ट न ऐकलेली माणसं आता फार थोडी उरली होती. रेल्वेच्या वर्कशॉपातून फोरमन म्हणून निवृत्त झाल्यापासून बाबांनी उरलेल्यांवरही पद्धतशीर काम केलं होतं. त्यामुळे बदली होऊन आलेला सिवाले नावाचा नवा स्टेशनमास्तर म्हणजे घरबसल्या मिळालेलं सावज होतं. त्याला बिचाऱ्याला वाटत होतं, आपल्याला फक्त जेवायला बोलावलंय.

न्झिमाकाकाही आले. ते न बोलावता येत, कारण त्यांच्याशिवाय गोष्ट होत नसे. ते बाबांच्याच वर्कशॉपातले, त्यांच्याच बरोबरीचे. परवान्यावर शिकार मिळायची तेव्हा दर मोसमात दोघं एकाच लँड रोव्हरमधून घाट उतरून लुआंग्वाच्या खोऱ्यात जायचे. काका न्गोनी, बाबा बेंबा. या दोन जमातींच्या पूर्वजांनी एकेकाळी एकमेकांची मनसोक्त कत्तल केली, आणि मग तह झाला तो असा, की इथून पुढे भाल्याचं काम जिभेने भागवायचं. कुणी कुणाला काहीही बोलावं, रागवायचं मात्र नाही. न्गोनी बेंबांना माकडखाऊ म्हणतात, बेंबा न्गोनींना उंदीरखाऊ. हे आजतागायत चोख पाळलं जातं. बाकीचे तह तेवढे टिकले नाहीत.

"या, उंदीरखाऊ," बाबा म्हणाले. "आज तुमच्या सोयीचं काही शिजवलेलं नाही."

"माहीत आहे. येताना बघितलं, गावात एक माकड कमी आहे."

आत्याने मक्याच्या पिठाच्या घट्ट न्शिमाचं पातेलं मधोमध ठेवलं, शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी ठेवली, कोंबडी ठेवली. आई गेल्यापासून घर आत्याच चालवत होती. ती बाबांहून मोठी होती आणि कुणाचंच ऐकत नसे. पहिल्या घासाला बाबांनी सिवालेला विचारलं, "साहेब, जखमी रानरेडा कधी पाहिलाय?"

सिवाले नाही म्हणाला. संपलं.

"गवत जळून गेलं होतं. परवान्यावर रेडा एकच. नेम माझा. पण गोळी जरा मागे लागली—"

"जरा म्हणजे शेपटीला," काका म्हणाले.

"—आणि रेडा शिरला झाडोऱ्यात. आता साहेब, जखमी रेडा तसाच सोडून घरी यायचं नाही. उद्या तो लाकडं वेचायला गेलेल्या एखाद्या बाईला फाडेल. थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मागावर निघायचं. तो पळत नाही. वळसा घालून आपल्याच वाटेच्या कडेला येऊन उभा राहतो आणि आपली वाट बघतो."

"माझ्या सासूबाईंची हीच पद्धत होती."

"मी पुढे. हा मागे. पानांवर रक्त. पाखरूसुद्धा बोलेना. आणि एकाएकी डावीकडून—" बाबांनी टेबलावर पंजा आपटला. सिवालेच्या हातातला घास पडला. तो नेहमीच पडतो, म्हणून आत्या अशा वेळी पाहुण्याला जास्तीचा वाढून ठेवते. "मी मागे वळून बघतो, तर मागे कुणीच नाही! हा गृहस्थ चिंचेवर!"

न्झिमाकाकांनी हात धुतले. सावकाश पुसले. "साहेब, सगळं खरं आहे. गवत खरं, रेडा खरा, चिंच खरी. फक्त पुढे मी होतो. आणि चिंचेवर हे."

"मी? माझा गुडघा तेव्हाही दुखत होता."

"झाडावरून उतरल्यावर दुखायला लागला."

"मी झाडावर होतो तर शिंगं माझ्या घरी कशी?"

"माझ्या घराचं दार बुटकं आहे म्हणून."

सिवाले एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. अखेरीस त्याने विचारलं, "पण मग रेडा मारला कुणी?"

त्याच्याकडे कुणीच लक्ष दिलं नाही. हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. त्याचं उत्तर देण्याची वेळ आजवर आली नव्हती, कारण गोष्ट चिंचेपर्यंत पोचली की भांडण सुरू होई आणि भांडण चहापर्यंत पुरत असे.

"चिंच चांगली मोठी असेल," आत्या हाडं गोळा करत म्हणाली. "दोघंही मावले असतील."

"चितालूला विचारा," बाबा म्हणाले. "ती कॉलेजात शिकवते. हजारभर पुस्तकं वाचलीत तिने. काय गं, तुला काय वाटतं?"

दर खेपेला ते विचारत, आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारत. विचारताना तिच्याकडे न बघता मीठ पुढे सरकवत. एकदा, फक्त एकदा, चारचौघांत तिने आपल्या बाजूने बोलावं एवढंच त्यांना हवं होतं. हे तिला लहानपणापासून कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच ते अवघड होऊन बसलं होतं. शिवाय सांगणाऱ्यावर कितपत विश्वास ठेवावा हे ती पोटासाठी मुलांना शिकवत असे. गोष्ट सांगितली तर ती कुणी, कुणाला आणि कशासाठी सांगितली ते आधी बघा, असं ती वर्गात म्हणे.

"दोन्ही बाजूंचं म्हणणं नोंदवून ठेवता येईल," ती म्हणाली. "त्याहून जास्त काही म्हणता यायचं नाही."

बाबा मोठ्याने हसले. "बघा साहेब! न्यायाधीश व्हायची ही." मग त्यांनी मीठ परत स्वतःकडे ओढलं आणि सिवालेला गाड्या का उशिरा येतात ते विचारलं. ती कथा रानरेड्याहून लांब निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारापाशी उन्हात खुर्ची टाकून बाबा चहाची वाट बघत बसले होते. आत्या चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा ते वाट बघत नव्हते.

त्यानंतर मयताच्या घरी सगळं जसं होतं तसं झालं. फर्निचर बाहेर गेलं, चटया आत आल्या. बायका भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. पुरुषांनी अंगणात ओंडका पेटवला. चितालू कोपऱ्यात बसली आणि आलेल्या प्रत्येकीचा हात हातात घेत राहिली. तिला रडू येत नव्हतं. बायकांनी ते पाहिलं आणि शिक्षणाच्या खात्यावर टाकलं.

बेंबाच्या घरी मयत झालं की न्गोनींना काम असतं. रडणाऱ्यांना हसवायचं, मेलेल्याची टर उडवायची, त्याची कापडं घालून त्याच्यासारखं चालून दाखवायचं. ते जे करतील त्यावर रागवायचं नाही. ज्याच्या मयताला कुणी थट्टा करायलाही येत नाही, तो माणूस वाया गेला असं समजतात. न्झिमाकाकांनी हयगय केली नाही. पेटी खांद्यावर घेऊन मंडळी फाटकातून निघाली, तेव्हा ते रस्त्यावर आडवे झाले.

"दोन भाजलेली माकडं आणा, तरच हा माकडखाऊ पुढे जाईल."

"माकडं संपली," आत्या खिडकीतून ओरडली. "तुझ्या सासरचे येऊन घेऊन गेले."

काका उठले, पँट झटकली आणि पेटीच्या पुढच्या कोपऱ्याला खांदा दिला. स्मशानापर्यंत त्यांनी तो कुणालाही बदलू दिला नाही.

माती देऊन मंडळी परत आली. दुपारचं ऊन अंगणात उतरलं होतं. बायका चुलीपाशी, बाकीचे सावलीला. तेवढ्यात घरामागून काका आले ते बाबांचा शिकारीचा खाकी कोट घालून, बाबांची टोपी डोक्यावर, आणि बाबांचे बूट उलट्या पायांत. एका गुडघ्यातून लंगडत, पोट पुढे काढून, वाटेतल्या प्रत्येकाला ते विचारू लागले, "साहेब, जखमी रानरेडा कधी पाहिलाय?"

अंगणात हशा फुटला. पाद्रीसुद्धा हसला. आत्या हसता हसता अंगावरच्या कापडाच्या टोकाने तोंड दाबून रडायला लागली, आणि रडता रडता पुन्हा हसली. इतकं हुबेहूब होतं, की चितालूला क्षणभर वाटलं, आता हे मीठ सरकवतील.

काकांनी गोष्ट सांगितली. गवत जाळलं. गोळी झाडली, शेपटीला. वर्कशॉपातली म्हातारी मंडळी पुढचं वाक्य आधीच पुटपुटत होती. मग काकांनी कोट सावरला, अंगणातल्या आंब्याच्या खालच्या बेचक्यात एक पाय दिला आणि सत्तरी उलटलेल्या माणसाने चढू नये इतक्या उंच ते चढले.

"आणि रेडा असा खाली! आणि हा असा वर! या इथे! चिंचेवर!"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत चितालूला एक गोष्ट अगदी स्वच्छ कळली. ही गोष्ट सांगणारी माणसं दोन होती, आता एक उरलं. सिवाले घरी जाऊन बायकोला सांगेल, ते हेच. गार्ड सांगतील, ड्रायव्हर सांगतील, रूळ जिथवर जातात तिथवर हेच जाईल. यापुढे कुणी गोष्ट सांगितली, तर बाबा झाडावर असतील. कायमचे. आणि यात कुणाचीच चूक नव्हती. काकांना बोलण्याची मुभा होती. उत्तर देणारा तेवढा नव्हता.

टाळ्या थांबल्या. काका फांदीला धरून थांबले. ते वाट बघत होते.

"चिंचेवर!" ते पुन्हा म्हणाले, जरा जोरात. "हा माकडखाऊ, चिंचेवर, शेपूट तेवढं नव्हतं!"

दोघंतिघं हसले.

काकांनी व्हरांड्याकडे पाहिलं. शिंगांखाली चटयांची चळत होती. त्यांनी टोपी मागे सारली, पुन्हा पुढे ओढली.

"मग?" सिवालेने विचारलं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

इतक्या वर्षांत या वाक्यानंतर काकांना स्वतः कधी काही बोलावंच लागलं नव्हतं. इथे दुसऱ्याने टेबलावर हात आपटायचा असे.

"उतर आता, म्हाताऱ्या," आत्या म्हणाली. "जेवण वाढलंय."

काका उतरले नाहीत. "कुणीतरी बोला की रे," ते म्हणाले. आवाज बाबांचा राहिला नव्हता. "एवढं बोललो मी. सगळे बेंबा मेलात काय?"

अंगणातले बेंबा आपापल्या बुटांकडे बघत होते. काकांना टोमणा मारणं त्यांना जड नव्हतं. पण हा टोमणा दुसऱ्याच्या मालकीचा होता, आणि तो उचलायचा हक्क कुणाचा, हे सगळ्यांना माहीत होतं. बायकांच्या रांगेत हळूहळू सगळ्यांच्या माना एकीकडे वळल्या.

चितालू उठली. तीन दिवस बसून पाय आखडले होते, त्यामुळे तीही थोडी लंगडली. आजवर तिने काकांना अहोजाहोच केलं होतं. थट्टेच्या या प्रकाराकडे तर ती शिकल्यासवरलेल्या माणसाच्या सहनशीलतेने बघत आली होती. ती अंगण ओलांडून आंब्याखाली आली आणि वर पाहिलं.

"ए उंदीरखाऊ," ती म्हणाली. "खाली उतर."

चुलीपाशी कुणीतरी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"रेडा आला तेव्हा तू असाच बसला होतास. अशीच फांदी धरून. कोट घातलास म्हणून पाय बदलत नाहीत. चिंचेवर तू होतास, आणि खाली माझा बाप उभा होता."

काकांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग त्यांच्या तोंडावर काहीतरी परत आलं. त्यांनी कोटाची कॉलर ताठ केली.

"अस्सं? आणि मॅडमना कुणी सांगितलं? रेड्याने?"

"बाबांनी सांगितलं."

"त्या माकडखाऊने! आणि तुला ते खरं वाटलं? एवढी पुस्तकं वाचून?"

"हो," चितालू म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण पार चुलीपर्यंत गेला. "सात वर्षांची होते तेव्हा खरं वाटलं. नंतर दर वेळी खरं वाटलं. गेल्या रविवारी या सिवालेसाहेबांसमोर त्यांनी मला विचारलं, तेव्हाही मला त्यांचंच खरं वाटत होतं."