डावा गुडघा

“तुम्ही गुडघ्याला हात न लावता निकाल दिलात,” ड्रायव्हर म्हणाला. त्याने पँटचा डावा पाय वर दुमडला आणि गुडघा डॉक्टरच्या टेबलापुढच्या स्टुलावर टेकवला. “आता लावा हात.”

बस डेपोच्या माडीवरच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत अजून तिघं खोळंबले होते. डॉक्टरने पेनाला टोपण लावलं.

“अहो, झीज आहे ती. वय बघा, वजन बघा. डेपोतल्या निम्म्या लोकांची हीच गत आहे.”

“झिजलेला दुखतो. माझा जळतो. आतल्या बाजूला, तापलेलं उलथणं टेकवल्यासारखा.”

“मग नसेचंही असू शकतं. कधीकधी कमरेतून येतं ते.”

“मागच्या वेळी सूज म्हणालात.”

“मी शक्यता सांगत होतो.”

शक्यतांचा त्याला वीट आला होता. गुडघा एकच, पण ज्याला तोंड होतं तो प्रत्येक जण वैद्य झाला होता. कंडक्टर म्हणाला, दारातून गार वारा लागतो. मालिशवाल्याने नस चढलीय म्हणून ती उतरवली, तेव्हापासून मांडीही दुखायला लागली. बायकोने जेवण वाढता वाढता निदान केलं, “स्टॉपवर तुमच्याआधी तुमचं पोट पोचतं. त्या गुडघ्याने उचलायचं तरी किती?” मुलगी फोनवर वाचून एकेक रोग ऐकवायची आणि शेवटी म्हणायची, “बाबा, तज्ज्ञांना दाखवा.” तज्ज्ञ हा समोर बसला होता. त्याने उद्यापासून ड्रायव्हरला गाडीवरून उतरवून फाटकावर बसवायचं ठरवलं होतं. जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाने आता इतरांच्या गाड्यांना हात दाखवत बसायचं.

“क्लच आहे हा,” तो म्हणाला. “वर्षभर एकच गाडी आहे माझ्याकडे. तिचा क्लच दाबायचा म्हणजे भिंत ढकलायची. सिग्नलला दाबा, स्टॉपला दाबा, गर्दीत दाबून धरा. वर्कशॉपला सांगून सांगून तोंड दुखलं.”

“वर्कशॉप म्हणतं क्लच ठीक आहे.”

“वर्कशॉप ती गाडी चालवत नाही.”

डॉक्टर जरा पुढे झुकला. डॉक्टर मूर्ख नव्हता, त्याचाच ड्रायव्हरला जास्त संताप यायचा.

“बरं. दुपारच्या पाळीला तीच गाडी दुसरा ड्रायव्हर चालवतो. क्लचमुळे होत असेल तर त्याचाही गुडघा जळायला हवा. त्याची तर तक्रार नाही. त्याचा जळत असेल तर मी आजच गाडी थांबवायला सांगतो. तुम्हाला नाही थांबवत.”

“बोलवा त्याला.”

दुपारच्या पाळीचा पैलवान आला. त्याने आयुष्यात कुस्ती खेळली नव्हती. एका उडीत केबिनमध्ये चढायचा, म्हणून हे नाव पडलं होतं. रोज दुपारी गाडी ताब्यात घेताना दोघं एकमेकांना शिव्या घालत, क्लचची वाट तूच लावलीस म्हणून. पैलवानाच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. त्याने आधी स्टुलावरचा उघडा गुडघा पाहिला, मग डॉक्टरच्या हातातलं पेन.

“त्या गाडीचा क्लच जड आहे का हो?” डॉक्टरने विचारलं.

“जुन्या गाडीचा असतोच थोडा.”

“तुमचा गुडघा जळतो?”

“माझा?” पैलवान हसला. “ठणठणीत आहे. हा आमचा भाऊ जरा नाजूक, डॉक्टर. लहानपणी दूध कमी पडलं असेल.”

“पैलवान, नीट सांग.”

“नीटच सांगतोय,” तो म्हणाला, पण ड्रायव्हरकडे न बघता.

डॉक्टरने हात पसरले. “आता तुम्हीच सांगा, मी काय करू?”

ड्रायव्हरने पाय खाली घेतला. टेबल उलथून टाकावं असं त्याला वाटलं. त्याने फक्त पँट सरळ केली, सुरकुत्या तळव्याने दाबून बसवल्या आणि तो दाराकडे वळला.

पैलवान आधीच बाहेर पडला होता. जिन्यावर दुसरं कोणी नव्हतं. त्याने कठडा धरला, ताठ डावा पाय खालच्या पायरीवर टेकला आणि उजवा त्याच्या शेजारी आणला. थांबला. पुन्हा डावा, मग त्याच पायरीवर उजवा. लहान मूल उतरतं तसा.

ड्रायव्हर दवाखान्याच्या दारात उभा राहून बघत होता. कोणी बघत नसलं की तोही असाच उतरायचा.

चाहूल लागताच पैलवानाने कठडा सोडला. पुढची पायरी तो रुबाबात उतरायला गेला आणि त्याचा खालचा ओठ दाताखाली गेला.

“थोडे महिने राहिलेत रे माझे, ते गाडीवरच जाऊ देत,” तो भिंतीकडे बघत हळू म्हणाला. “ते झाले की तुला काय बोंब मारायची ती मार.”

“मला उद्याच फाटकावर बसवतायत.”

खाली त्याच्या पाळीची गाडी सुरू होऊन उभी होती. कंडक्टरने दोनदा घंटी मारली.

ड्रायव्हरने मागे हात नेऊन दवाखान्याचं दार पूर्ण उघडलं आणि तसंच धरून ठेवलं.

“डॉक्टर आत आहे,” तो म्हणाला. “वर ये आणि त्याच्यासमोर सांग. तुझा कोणता जळतो?”