माझ्या कुशीवरचे आकडे

मी एक जुना टायर आहे आणि मी रागावलेलो आहे. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल, पण आज ते जमणार नाही.

कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात माझा जन्म झाला. बाहेर पडताना माझ्या कुशीवर आकडे उमटले होते: १७५, ६५, १४. पहिला माझी रुंदी सांगतो, मिलिमीटरमध्ये. दुसरा उंची सांगतो, म्हणजे त्या रुंदीच्या शंभरातले पासष्ट भाग इतकी माझी भिंत उभी. तिसरा सांगतो की चौदा इंचाच्या चाकावर मी बसतो. तीन आकड्यांची साधी गोष्ट आहे, तुमच्या पाढ्यांहून सोपी.

माझी चार भावंडं रस्त्यावर पळाली. मला मात्र स्टेपनी म्हणून डिकीत टाकलं. माझ्या डोक्यावर पिशव्या आल्या, छत्र्या आल्या, एकदा बटाट्याचं पोतंही आलं. आठ वर्षांत माझी हवा कुणी एकदाही पाहिली नाही. तरी मी गप्प होतो.

मग भावंडं झिजली आणि घरातले बाबा दुकानात गेले. दुकानदाराला म्हणाले, चौदाचे द्या, पण जरा रुंद, भारदस्त. शेवटचा आकडा जुळला की झालं, असं त्यांचं गणित. गाडीच्या दाराच्या चौकटीवर योग्य मापाचं लेबल चिकटवलेलं असतं. ते रोज तेच दार उघडत, पण त्यांनी ते कधी वाचलं नाही. आणि दुकानदार? त्याला सगळं ठाऊक होतं. म्हणाला, "बसतील साहेब. घासले थोडे तर घासले." १९५, ७०, १४ अशी चार धटिंगणं चढली. मी डिकीतून ओरडत होतो, पण रबराला आवाज नसतो.

घरातल्या ताईला शहराच्या दुसऱ्या टोकाला सकाळच्या पाळीची नोकरी लागली होती. तिथे त्या वेळी बस जात नसे, म्हणून ती गाडी चालवायला शिकली. नवे टायर चढल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने सांगितलं की पूर्ण वळवताना काहीतरी घासतंय. बाबा हसले. "चार दिवस झाले नाहीत शिकून, आणि निघाली गाडीची डॉक्टर व्हायला." आत्यानेही री ओढली. ताई बोलायची थांबली, पण टायर घासायचे थांबले नाहीत.

एका रविवारी आजी, आत्या, बाबा आणि सामान असं सगळं भरून ताई उतारावरून येत होती. ओझ्याने गाडी खाली बसलेली, त्यात अवघड वळण. पुढच्या टायरची भिंत चाकावरच्या पत्र्याला घासून फाटली. गाडी एका बाजूला ओढली गेली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. आजीच्या कपाळाला टेंगूळ आलं. आणि बाबांनी शब्द काय काढले? "उद्यापासून स्टिअरिंगला हात लावायचा नाही." म्हणजे ताईची नोकरी गेलीच की. चूक कुणाची आणि शिक्षा कुणाला! मला अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मला बाहेर काढलं. ताईने मला फाटलेल्या टायरशेजारी उभं केलं. तो माझ्यापेक्षा चांगला दोन बोटं उंच होता. ती खाली बसली, ओढणीने माझी धूळ पुसली आणि माझे आकडे मोठ्याने वाचले. मग दार उघडून लेबल वाचलं. मग फाटलेला टायर वाचला. बाबा वाकून लेबलाकडे बघत राहिले, जणू ते आजच कुणी चिकटवलं होतं. आजी कपाळ चोळत म्हणाली, "पोरगी आधीच सांगत होती."

मी चढलो. पण तीन चुकीच्यांत एक बरोबर, त्यात माझी हवाही कमी, म्हणजे लंगडणंच. ताईने अगदी सावकाश घरी आणलं. हो, ताईनेच. बाबा शेजारी बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने सवयीने बाबांनाच विचारलं, साहेब, कोणता साइज? बाबा म्हणाले, "तिला विचारा. गाडी तीच चालवते."

ताईने तिन्ही आकडे सांगितले. दुकानदार चार नवे काढून म्हणाला की स्टेपनी आहेच, फारशी वापरलेली नाही. मी फुगलो. ताईने मला फिरवून कडेचे आणखी चार बारीक आकडे वाचले. पहिले दोन जन्माचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. मग बोट फिरवलं, तर रबराला केसासारख्या भेगा. "हा नको. पाच द्या."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला पूर्ण वाचलं, आणि वाचून बाजूला ठेवलं. मित्रांनो, त्या एका गोष्टीचा मात्र मला राग नाही. ताईने बरोबर केलं.

आता मी दुकानाच्या दाराशी पडून आहे. रोज लोक येतात आणि म्हणतात, चौदाचे द्या. तुमच्या घरी गाडी असेल, तर आज दार उघडून लेबल वाचा, मग खाली बसून चाक वाचा. आकडे जुळले नाहीत तर घरच्यांना सांगा. हसतील. तरी सांगा.