मोटारीची खांदेमळण

मी एक जुनी मालमोटार आहे, मित्रांनो, आणि खरं सांगते, फार थकले आहे. डोंगरकडा गावात माझे मालक तातेराव यांच्या खळ्याच्या कडेला, बाभळीखाली मी उभी असते. माझ्या हौद्यात कोंबड्या अंडी घालतात, नाकावर गोवऱ्या वाळतात. गावातली पोरं माझं चाक धरून तोंडाने भोंगा वाजवतात आणि कंटाळली की निघून जातात. निजामाचं राज्य यंदा गेलं, म्हणून गावाने गुलाल उधळला. थोडा माझ्याही काचेवर पडला. तो पुसायला मात्र कुणी आलं नाही.

माझा जन्म विलायतेतला. खोक्यात बसून मी बोटीने आले, मुंबईत मला जोडलं आणि आगगाडीने हिंगोलीला उतरवलं. पुढे दोघांची बैठक, मागे उघडा हौदा, असं माझं अंग. तातेराव मला पहिल्यांदा गावात घेऊन आले, तेव्हा बैल दावी तोडून पळाले आणि बायकांनी मला हळदकुंकू लावलं. काय कौतुक होतं माझं! हळदीची पोती, ज्वारी, सरकी, लग्नाची वऱ्हाडं, सगळं मी हिंगोलीच्या मोंढ्यापर्यंत, म्हणजे धान्यबाजारापर्यंत, वाहिलं. मोंढ्यातले हमाल मला लांबून ओळखायचे.

मला चालवायचा बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा किसनसिंग. त्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुख पालथा घातला होता. त्यामुळे जनावर कसं सांभाळावं हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही, आणि मी त्याच्या लेखी जनावरच होते.

माझ्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा आहे. शहाणे लोक त्याला डिफरन्शियल म्हणतात. त्यात दातेरी चाकं घट्ट तेलात बुडून फिरतात आणि इंजिनाचा जोर चाकांना वाटून देतात. हे तेल वर्षाकाठी बदलावं लागतं. किसनसिंग ते काम पोळ्याच्या आदल्या दिवशी करायचा. त्या दिवशी बैलांची खांदेमळण असते ना! वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना ऊन पाण्याने शेकतात, तूप-हळद चोळतात. "हिचाबी खांदा हाय," तो म्हणायचा. "हिला काहून वगळायचं?"

त्याची रीत ठरलेली होती. आधी मला ओढ्यापर्यंत पळवून आणायचा, म्हणजे तेल गरम होऊन सुटतं. मग गोळ्याचं वरचं बूच काढायचा आणि नंतरच खालचं. वरचं गंजून बसलं असलं आणि खालून तेल सांडून गेलं, तर भरणार कुठून? काळं तेल घमेल्यात पडलं की तो ते दोन बोटांत चोळून उन्हात धरायचा. लोखंडाची चमक, म्हणजे दाते झिजल्याची खूण, दिसली नाही की माझ्या पाठीवर थाप मारायचा. त्या थापेसाठी मी वर्षभर चिखल तुडवला असता.

जगात लढाई चालू होती, त्यातल्या एका वर्षी खांदेमळणीलाच किसनसिंगला हिवताप चढला. दात वाजत असतानाही त्याने माझं जुनं तेल सांडलं. नवं तेल तातेरावांच्या घरात होतं. ते आणायला तो उठला आणि तिथेच कोसळला. त्याला उचलून तांड्यावर नेलं. मी तशीच उभी राहिले, पोट रिकामं, दोन्ही बुचं उघडी.

दिवस कलताना त्याची बायको जमनाबाई आली. डोक्यावर मडकं, पदर कमरेला खोचलेला. धन्याचं काम अर्धं राहिलं, हे तिला पाहवलं नाही. ती इतकी वर्षं लांबून बघत होती की आज मोटारीचीही खांदेमळण असते. मग खांद्याला काय लागतं? तूप आणि हळद! तिने खालचं बूच नीट पिळून बसवलं, तूप कोमट केलं, हळद कालवली आणि वरच्या भोकातून सगळं मडकं माझ्यात रितं केलं. मग माझ्यावरून हात फिरवून म्हणाली, "माय, धन्याला बरं वाटू दे."

तूप तापलं की पाण्यासारखं पातळ होतं, ते दात्यांवर ठरत नाही. पण इतक्या मायेने मला कुणी काही दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी किसनसिंगची शुद्ध हरपली. डोळे पांढरे झाले. हिंगोलीच्या दवाखान्याशिवाय इलाज नव्हता. आणि त्या दिवशी पोळा! पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. तातेराव धावत आले.

"बैल न्हाई जुंपता येत. मोटार काढतो, म्याच हाकतो," ते म्हणाले.

"काढा, मालक," जमनाबाई म्हणाली. "खांदेमळण केलीया म्या तिची. दगा न्हाई द्यायची ती."

तातेरावांना वाटलं, बाईने कुंकू लावलं असेल. त्यांनी चाक धरलं. ते हाकायचे म्हणजे काय, माझ्याशी भांडायचेच! हौद्यात किसनसिंग, त्याचं डोकं जमनाबाईच्या मांडीवर. बाळापूर मागे पडलं तोवर तूप उकळायला लागलं होतं.

"पुरनपोळ्याचा काय वास येऊन राहिला!" तातेराव म्हणाले. "रस्त्यानं सगळ्या घरी तूप कढवून राहिलेत का काय?"

कळमनुरीच्या चढाला माझे दाते एकमेकांना खाऊ लागले. मी ओरडत होते. त्या आवाजाने किसनसिंगने डोळे उघडले. "हळू घ्या, मालक," तो पुटपुटला. "गाडी रडून राहिली." आणि पुन्हा त्याची मान कलली. मित्रांनो, मला थांबायचं होतं. अंगात त्राण नव्हतं. पण थांबले असते तर तो वाटेतच गेला असता, म्हणून ओढत राहिले.

हिंगोलीच्या मोंढ्यापाशी आतून कडाड् आवाज झाला आणि मी बसले. दवाखाना अजून पुढे होता. पण हमालांनी मला ओळखलं. त्यांनी किसनसिंगला तरटाच्या झोळीत घातलं आणि पळत नेलं. तो वाचला.

मला मात्र बैलांनी ओढत घरी आणलं. ज्यांना मी एकदा पळवलं होतं, त्यांच्याच मागे मुकाट चालले. बरा होऊन किसनसिंग आला, तेव्हा काठी टेकत होता. तो माझ्याखाली सरकला आणि खालचं बूच काढलं. पिवळा चिखल ओघळला, त्यात लोखंडाचे तुकडे. त्याने वास घेतला, तो तुपाचा होता, आणि तुकडे वेचून तो बाहेर सरकला.

जमनाबाई बाजूला उभी होती. तिला तो म्हणाला, "पोळ्याला लेकरांच्या पोळीवर काय वाढलं तू?"

"काय वाढू? गुळवणी ठेवून निघाले म्या. तूप समदं हिलाच घातलं हुतं." मग हळूच विचारलं, "आवो, माझ्या खांदेमळणीनंच पोचलो नव्हं आपुन?"

किसनसिंगने तुकडे मुठीत झाकले. "व्हय," तो म्हणाला. "तुझ्या तुपानंच. दाते म्हातारे झाले हुते, त्याला कोन काय करनार?"

तातेरावांनाही त्याने दाते म्हातारे झाल्याचंच सांगितलं. नवे दाते विलायतेहून यायचे. आधी लढाईने ते आले नाहीत, नंतर राज्यातल्या धामधुमीने. मोटार गेली तसं किसनसिंगचं कामही गेलं. आता तो दुसऱ्यांच्या शेतात औत हाकतो. जाताना माझ्याकडे बघतो, पण जवळ येत नाही. ते मला फार लागतं.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असो, बैल असो की म्हातारं माणूस, त्याला जीव लावा. पण काय हवं आहे ते आधी विचारा. मायेने दिलेलं चुकीचं औषधही दुखतं, हे मी सोसून सांगते. आणि तुमच्यासाठी कुणी असं चुकलंच, तर लगेच रागावू नका. त्या सणाला त्याच्या लेकरांनी बिनतुपाची पोळी खाल्ली का, तेवढं आधी विचारा.